मुद्रितशोधनात लक्ष टिकवण्यासाठी कामाची आखणी कशी करावी

दिवाळी अंकांच्या दिवसांत, म्हणजे साधारण भाद्रपदापासून, मुद्रितशोधकाच्या टेबलावरचा प्रुफांचा ढीग वाढू लागतो आणि एक अनुभव दर वर्षी नव्याने येतो. सकाळी पहिल्या वीस पानांत जी वेलांटी नजरेतून सुटली नसती, ती संध्याकाळी शंभराव्या पानावर डोळ्यांसमोरून सरळ निघून जाते. दोन्ही वेळी वाचणारा माणूस तोच असतो, त्याला नियम तितकेच येत असतात आणि संध्याकाळी त्याने कामचुकारपणा केलेला असतो असेही नाही. पुस्तक छापून आल्यावर लेखक ‘हे कसे राहिले?’ असे विचारतो आणि आपण ‘नजरचूक झाली’ असे म्हणून विषय संपवतो. ही नजरचूक केव्हा आणि कशामुळे होते हे समजून घेऊन कामाची मांडणी कशी बदलावी, ते येथे सांगायचे आहे. उदाहरणे मुद्रितशोधनाची आहेत. पण उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक आणि खतावणीचा ताळा जुळवणारे हिशेबनीस यांचेही काम मुळात हेच असते. बहुतांशी बरोबर असलेल्या मजकुरातून अधूनमधून येणारी चूक त्यांनाही हुडकायची असते.

हे काम जड आहे, हे आधी मान्य करावे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातील रडारचालकांचे लक्ष काही वेळाने ढळते असे दिसल्यावर केंब्रिजमधील नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्याचा प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगातील घड्याळाला एकच काटा होता. तो दर सेकंदाला एक पाऊल पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन पावलांची उडी घेई; अशी उडी दिसली की बटण दाबायचे, एवढेच काम दोन तास करायचे होते. पहिल्या अर्ध्या तासात सुमारे १५ टक्के उड्या निसटल्या. दुसऱ्या अर्ध्या तासात निसटलेल्या उड्यांचे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास गेले आणि पुढच्या तासाभरात त्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांना दर अर्ध्या तासाने विश्रांती देऊन पुन्हा बसवले, त्यांची कामगिरी मात्र घसरली नाही. आपल्या दृष्टीने यात महत्त्वाचे हे की घसरण तिसऱ्या-चौथ्या तासाला न येता पहिल्या अर्ध्या तासातच सुरू झालेली असते, आणि त्या वेळी आपल्याला दमल्यासारखे मुळीच वाटत नसते.

अशा कामात लक्ष का ढळते, याचे सोपे उत्तर ‘कंटाळा’ असे दिले जाते. काम इतके एकसुरी असते की मन भरकटते, असे मानणारा एक पक्ष अभ्यासकांतही आहे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु जोएल वॉर्म, राजा परशुरामन आणि जेराल्ड मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये जवळजवळ उलट बाजू मांडली: बाहेरून निवांत दिसणारी ही राखण प्रत्यक्षात कष्टाची आणि ताण देणारी असते, आणि ती करणारी माणसे स्वतःवरचा मानसिक भार बराच जास्त नोंदवतात. मुद्रितशोधनापुरते बोलायचे तर मला ही दुसरी बाजू अधिक पटते, कारण कंटाळ्यावर उपाय म्हणून आपण स्वतःला दटावत राहतो आणि दटावल्याने वेलांट्या सापडत नाहीत. भार जास्त आहे असे मानले, तर तो कमी कसा करावा हा प्रश्न विचारता येतो आणि त्याची उत्तरे हाताशी येतात.

भार कुठून येतो, ते पाहावे

परशुरामन यांनीच १९७९ मध्ये दाखवले होते की वेळेनुसार पारख बोथट होण्यास दोन गोष्टींचे एकत्र येणे विशेष कारणीभूत ठरते. समोरच्या वस्तूची तुलना स्मरणात धरलेल्या नमुन्याशी करावी लागणे ही पहिली आणि अशा वस्तू भराभर समोर येणे ही दुसरी. बरोबर आणि चूक असे दोन्ही नमुने एकाच वेळी डोळ्यांसमोर असतील, तर घसरण बरीच कमी होते.

मराठी प्रूफ वाचणे म्हणजे जवळजवळ सर्व वेळ ही पहिली, जड तुलना करणे होय. ‘वकिलाला’ या शब्दात पहिली वेलांटी बरोबर, कारण मराठी शब्दातील शेवटून दुसरे दीर्घ अक्षर सामान्यरूपात ऱ्हस्व होते. ‘शरीराला’ मध्ये मात्र दुसरी वेलांटी कायम राहते, कारण तो शब्द तत्सम आहे. प्रत्येक ठिकाणी शब्द कोणत्या घराण्यातला आहे हे मनातल्या मनात ठरवूनच पुढे जावे लागते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले ४ मिळून नियम अवघे अठरा आहेत; पण त्यांचे अपवाद, प्रकाशकाची स्वतःची पद्धत आणि लेखकाचे हट्ट हे सारे डोक्यात धरून मिनिटाला शंभर-दीडशे शब्द ओलांडायचे असतात. त्याच वेळी वाक्याचा अर्थ लागतो का, अवतरणचिन्ह बंद झाले का, मागच्या प्रकरणात ‘मामलेदार’ लिहिले होते की ‘तहसीलदार’, हेही पाहायचे असते.

यावर पहिला आणि सर्वांत फलदायी उपाय म्हणजे स्मरणातला शक्य तितका ऐवज कागदावर उतरवणे. प्रत्येक पुस्तकासाठी एका पानाचे शैलीपत्रक करावे. त्यात व्यक्तींची व गावांची नावे, वैकल्पिक रूपांपैकी स्वीकारलेले रूप, अंक देवनागरी की रोमन, तारखा लिहिण्याची पद्धत आणि आपल्याला हमखास अडवणारे दहा-पंधरा शब्द बरोबर रूपात मोठ्या अक्षरांत लिहावेत. ते पत्रक फाइलमध्ये न ठेवता प्रुफाशेजारी उभे करून ठेवावे, म्हणजे स्मरणाशी करायची तुलना डोळ्यांसमोरची तुलना होते. अनुभवी मंडळींना याचा कमीपणा वाटतो, असे मी पाहिले आहे. नियम येत नाहीत म्हणून हे पत्रक करायचे नसते. नियम आठवण्यात खर्च होणारे लक्ष वाचावे म्हणून ते करायचे असते.

दुसरा उपाय छपाईचा आहे. नुएश्टरलाइन, परशुरामन आणि जियांग यांनी १९८३ मध्ये असे दाखवले की समोरची आकृती अंधूक केली, तर पारख पाच मिनिटांच्या आतच घसरू लागते. प्रिंटरची शाई संपत आलेली असताना काढलेले फिकट प्रूफ ‘चालेल, वाचता येते’ असे म्हणून घेणे किती महाग पडते, हे यावरून लक्षात यावे. मराठीत तर रफार, अनुस्वार आणि अर्धचंद्र अक्षराच्या डोक्यावर एवढ्याशा जागेत दाटलेले असतात. दहा पॉइंटच्या फिकट छपाईत ‘वार्‍यावर’ आणि ‘वार्यावर’ यांतला फरक दिसतो, पण तो पाहण्यासाठी प्रत्येक वेळी जोर लावावा लागतो. म्हणून पहिले प्रूफ मोठ्या टाइपात, दोन ओळींत पुरेसे अंतर सोडून आणि शक्यतो अंतिम टाइपापेक्षा वेगळ्या वळणाच्या टाइपात मागावे. पडद्यावर वाचणाऱ्यांनी अक्षर दीडपट करावे. पानबांधणी झाल्यावरचे प्रूफ मूळ आकारातच पाहावे लागते. तेव्हा चांगला दिवा आणि ओळीखाली धरायची पट्टी यांच्यावर भिस्त ठेवावी.

एका फेरीत एकच प्रकारची चूक शोधावी

अर्थासाठी वाचणे आणि अक्षरासाठी वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि सराईत वाचक पहिलीत इतका तरबेज असतो की ती दुसरीला गिळून टाकते. डोळा शब्दाच्या आकारावरून आणि संदर्भावरून पुढचे ताडतो. ‘दीन’ छापले असले तरी ‘स्वातंत्र्यदिन’ असेच वाचतो. मजकूर जितका रंजक, तितका हा धोका मोठा. म्हणून चांगली कादंबरी तपासणे हे जमीनमहसुलाचा अहवाल तपासण्यापेक्षा अवघड असते, असे मी नवोदितांना सांगतो आणि त्यांचा विश्वास बसत नाही.

फेऱ्या वाटून घेतल्या की प्रत्येक फेरीतला भार हलका होतो. पहिल्या फेरीत केवळ अर्थ, वाक्यरचना, गाळलेल्या ओळी आणि दुबार आलेले परिच्छेद पाहावेत. वेलांटीची चूक आपोआप दिसलीच तर खूण करावी, पण तिच्या मागे लागू नये. दुसऱ्या फेरीत वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरे पाहावीत, आणि ही फेरी शक्य असल्यास परिच्छेद उलट्या क्रमाने, म्हणजे प्रकरणाच्या शेवटापासून सुरुवातीकडे जात करावी. गोष्टीचा धागा तुटला की डोळा अक्षरावर येतो. तिसरी फेरी आकड्यांची: सन, पृष्ठक्रमांक, तळटिपांचे क्रमांक, अनुक्रमणिकेतील पाने. ही फेरी वेगाने होते आणि तिच्यात मजकूर वाचायचाच नसतो.

तीन फेऱ्यांना तिप्पट वेळ लागेल, अशी शंका येथे नेहमी काढली जाते. तसे होत नाही. पण थोडा अधिक वेळ लागतो हे खरे आहे, आणि प्रकाशक तेवढा वेळ देत नसेल तर किमान आकड्यांची फेरी तरी वेगळी ठेवावी.

बैठक घड्याळाने तोडावी, वाटण्यावर सोडू नये

‘दमलो की उठेन’ हा नियम येथे चालत नाही, कारण लक्ष आधी घसरते आणि त्याची जाणीव मागाहून होते. युरोपीय संघाच्या विमानतळांवर सामानाची क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने साधारणपणे सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ चित्रे पाहू नयेत आणि त्यानंतर किमान १० मिनिटे पाहणे थांबवावे, असा नियमच आहे. प्रुफात बॉम्ब नसतो, त्यामुळे इतके कडक वागण्याची गरज नाही. अक्षरफेरीसाठी २५ ते ३० मिनिटांची बैठक आणि मध्ये ७ ते १० मिनिटांचा खंड हे माप मला वापरण्याजोगे वाटते. अर्थाच्या फेरीत बैठक ४५ मिनिटांपर्यंत लांबवता येते.

खंडात काय करावे, याला खंडाइतकेच महत्त्व आहे. मोबाइल उघडून बातम्या वाचणे म्हणजे त्याच डोळ्यांना आणि त्याच भाषेला पुन्हा जुंपणे होय. त्यातून एखादा संदेश असा निघतो की पुढची दहा पाने आपण त्याचे उत्तर मनात तयार करत वाचतो. त्यापेक्षा उठावे, पाणी प्यावे, खिडकीतून दूरचे पाहावे, जिना उतरून चढावा. उठणे शक्यच नसेल तर कामाचा प्रकार बदलावा: अक्षरफेरी थांबवून चित्रांच्या ओळी जुळवाव्यात किंवा आधीच्या पानांच्या दुरुस्त्या चढल्या की नाही ते पाहावे. चहाने तरतरी येते, हे निर्विवाद आहे. मात्र कॅफिनचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि शरीरातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा तिसरा कप त्या रात्रीच्या झोपेतून वसूल होतो.

झोपेविषयी येथेच एक गोष्ट नोंदवतो. हॅन्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील प्रयोगात चौदा दिवस रोज सहा तासच झोप मिळालेल्यांचे लक्ष पूर्ण रात्र जागलेल्या माणसांइतके घसरले. आपण एवढे घसरलो आहोत, याची मात्र त्यांना फारशी कल्पना नव्हती. नवरात्राच्या आसपास आपल्या व्यवसायात सर्वांची स्थिती हीच असते आणि ‘मला आता सवय झाली आहे’ असे सर्वच जण म्हणतात.

चुका विरळ झाल्या की अधिक सावध व्हावे

हा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सामानाच्या कृत्रिम चित्रांवर प्रयोग केला. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना पाहणाऱ्यांकडून ती सुमारे ७ टक्के वेळा निसटली. तीच वस्तू शंभरांतल्या एकाच चित्रात ठेवल्यावर ती सुमारे ३० टक्के वेळा निसटली. क्वचित सापडणाऱ्या गोष्टीचा शोध आपण लवकर आवरता घेतो.

आता तपासनिसाच्या टेबलावरची स्थिती पाहावी. संगणकावरचा शुद्धलेखन-तपासक आधी फिरवला की ढोबळ चुका जातात आणि हाताचे काम कमी होते. पण ‘सूत’ की ‘सुत’, ‘दिन’ की ‘दीन’ अशा, दोन्ही रूपे कोशात असलेल्या शब्दांच्या चुका जशाच्या तशा राहतात. शिवाय प्रूफ एवढे स्वच्छ दिसू लागते की तिसाव्या पानानंतर मन ‘येथे काही नाही’ असे ठरवूनच बसते. म्हणजे यंत्राने काढलेल्या प्रत्येक चुकीबरोबर उरलेली चूक सापडणे थोडे कठीण होते. तरीही तपासक वापरू नये, असे मी म्हणणार नाही. तो आधी वापरावा, आणि अक्षरफेरीपूर्वी सहकाऱ्याला प्रत्येक पंचवीस-तीस पानांत चार-पाच चुका मुद्दाम पेरायला सांगावे. विमानतळांवरही प्रत्यक्ष सामानाच्या चित्रांत धोक्याच्या वस्तूंची खोटी चित्रे मधूनमधून टाकण्याची पद्धत आहे, ती याचसाठी. शोध जागा राहतो आणि किती पेरलेल्या चुका सापडल्या यावरून त्या बैठकीचा कस कळतो. मात्र चुका मुद्रकाकडे जाणाऱ्या मूळ फाइलमध्ये कधीही पेरू नयेत. त्यासाठी वेगळी प्रत काढावी आणि पेरलेल्या चुकांची यादी लिखित ठेवावी. हे न पाळल्यास काय होईल, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

दोघांनी वाचावे, आणि उरलेल्या चुकांचा अंदाज घ्यावा

खिळ्यांच्या छपाईच्या काळात एक जण हस्तलिखित मोठ्याने वाचत असे आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवत असे. ‘दुसरी वेलांटी’, ‘पहिला उकार’, ‘स्वल्पविराम’, ‘अवतरण सुरू’ असे सारे उच्चारून वाचायचे. ही रीत आज खर्चीक म्हणून मागे पडली, पण भाराच्या दृष्टीने ती उत्तम होती: मूळ मजकूर कानावर, छापलेला डोळ्यांपुढे, म्हणजे स्मरणात काहीच धरायला नको. नावांच्या याद्या, वंशावळी, जमाखर्चाचे तक्ते आणि संस्कृत उद्धरणे यांच्यासाठी ती आजही वापरावी; दर अर्ध्या तासाने वाचणारा व पाहणारा यांनी जागा बदलाव्यात.

दोघांनी स्वतंत्रपणे प्रूफ तपासले, तर आणखी एक लाभ होतो. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९७६ मध्ये यासाठी एक सुटसुटीत हिशेब मांडला. समजा, पहिल्याला ६० चुका सापडल्या, दुसऱ्याला ५० आणि त्यांतल्या ४० दोघांनाही सापडल्या. ६० आणि ५० यांच्या गुणाकाराला ४० ने भागले की ७५ येतात. हा एकूण चुकांचा अंदाज. दोघांना मिळून ७० सापडल्या, म्हणजे अजून पाचेक चुका लपलेल्या आहेत. हा हिशेब सर्व चुका सारख्याच सहज सापडतात असे धरून चालतो. वस्तुतः काही चुका दोघांनाही चकवणाऱ्याच असतात, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा मोठा धरावा.

स्वतःची घसरण मोजावी

वर दिलेली मिनिटांची मापे सर्वांना सारखी लागू होणार नाहीत, म्हणून आपले माप आपणच काढावे. प्रुफाच्या समासात प्रत्येक बैठक सुरू झाल्याची वेळ आणि दर दहा मिनिटांनी एक बारीक रेघ ओढावी. दुसऱ्या वाचकाने आपल्या सुटलेल्या चुका दाखवल्या की त्या बैठकीच्या पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या दहा मिनिटांत येतात, हे मोजावे. तीन-चार पुस्तकांत आकार स्पष्ट होतो. माझ्या बाबतीत घसरण विसाव्या मिनिटाला सुरू होते आणि दुपारी जेवणानंतर बाराव्यालाच. त्यामुळे जेवणानंतरचा तास मी आकडे आणि अनुक्रमणिका यांना दिला आहे.

भाराची नोंदही सोपी आहे. नासामध्ये सँड्रा हार्ट आणि लॉवेल स्टॅव्हलँड यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनपद्धतीत सहा बाबींना गुण द्यायचे असतात: मानसिक मागणी, शारीरिक मागणी, वेळेचे दडपण, काम कितपत साधले, घ्यावे लागलेले कष्ट आणि वैताग. दिवसाच्या शेवटी या सहांना शून्य ते शंभर असे गुण वहीत लिहावेत. मानसिक मागणी चढलेली दिसली, तर फेऱ्या आणखी वाटाव्यात किंवा शैलीपत्रक सुधारावे; वेळेचे दडपण चढले असेल, तर प्रकाशकाशी तारखेविषयी बोलावे, आणि ते बोलणे शेवटच्या आठवड्यात न करता पहिल्याच आठवड्यात करावे. एकटा वैतागच वाढलेला असेल, तर बहुधा खुर्ची, दिवा किंवा लेखक यांपैकी एक कारण असते.

आता उरली ती मुखपृष्ठ, शीर्षकपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ यांची तपासणी. ही पाने शेवटी तयार होतात, म्हणून शेवटी तपासली जातात, आणि शेवटी म्हणजे नेमकी आपण सर्वांत थकलेलो असताना. माझ्या हातून एका चरित्राच्या मलपृष्ठावर चरित्रनायकाचे जन्मवर्षच चुकीचे गेले. आतल्या तीनशे पानांवर तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि मलपृष्ठ मी रात्री अकरा वाजता उभ्या उभ्या पाहून ‘ठीक’ असे कळवले होते. तेव्हापासून ही चार पाने रात्री कितीही घाईने आली तरी मी सकाळपर्यंत थांबवतो, चहाच्या आधी, एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचतो आणि मगच मुद्रकाला फोन करतो.